तांबं सापडतं, घरी नेणं अवघड : जगण्याच्या खेळांचे नकाशे आणि खानदेशातली ठिकाणं

(दीपनगर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

‘वॅल्हाइम’ नावाच्या संगणकावरच्या खेळात तांबं शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. काळ्या अरण्यात थोडं आत शिरलं की जमिनीतून वर आलेले तांब्याचे मोठाले खडक दिसतात. खेळातल्या पहिल्या मोठ्या शत्रूला, म्हणजे एका अजस्र सांबराला, मारून त्याच्या शिंगाची कुदळ केलेली असली की खडक फुटतो. खरी पंचाईत पुढे आहे. खनिज जड असतं आणि पाठीवर मावेल तेवढंच नेता येतं. या खेळात एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात पोचवणारी जादूची कमान आहे. खेळाडू तिच्यातून जातो, त्याचं धान्य, लाकूड, हत्यारंही जातात. खनिज आणि कच्चा धातू मात्र जात नाही. मग गाडा करा, झाडं तोडून त्याला वाट करा, मध्ये समुद्र असेल तर तराफा किंवा होडी बांधा, वाऱ्याची वाट बघा.

स्वीडनमधल्या ‘आयर्न गेट’ या चार-पाच माणसांच्या स्टुडिओनं फेब्रुवारी २०२१ मध्ये हा खेळ बाजारात आणला आणि महिनाभरात त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. धातू कमानीतून जात नाही म्हणून खेळाडूंनी भरपूर कुरकुर केली. पुढे २०२३ मध्ये ज्याला हवं त्याला आपल्या जगापुरता हा नियम सैल करण्याची सोय मिळाली, पण मूळ नियम कर्त्यांनी सोडला नाही. कारण त्या एका नियमावर नकाशा उभा आहे. खाण कुठे आहे यापेक्षा खाणीपासून घरापर्यंत काय काय आहे, यातच खेळ आहे.

दीपनगरात, म्हणजे भुसावळजवळच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत, बसलेल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. इथे कोळशाची खाण नाही. कोळसा मालगाडीनं येतो, वाघिणी रित्या होतात, रेक परत जातो. पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून येतं. जळून उरलेली राख पाण्यात कालवून नळांवाटे वेल्हाळ्याच्या राख तलावाकडे जाते. १९६८ साली ६२.५ मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला तेव्हापासून ५०० मेगावॉटच्या दोन संचांपर्यंत आणि अगदी अलीकडच्या ६६० मेगावॉटच्या संचापर्यंत हिशेब तोच आहे : एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला भुसावळ जंक्शन. वसाहतीतल्या कुठल्याही मुलाला ‘साधन एकीकडे, गरज दुसरीकडे’ या रचनेची जन्मापासून ओळख असते. ती त्यानं कधी नकाशावर काढून पाहिलेली नसते, एवढंच.

जगून दाखवण्याचे खेळ, ज्यांना सगळे ‘सर्व्हायव्हल गेम’ म्हणतात, त्यांची कुळकथा थोडक्यात अशी. खेळाडूला एका अनोळखी मुलखात उघड्या हातांनी सोडायचं. भूक, तहान, थंडी, अंधार त्याच्या मागे लावायचे. लाकूड, दगड, गारगोटी, पाणी, धातू ही साधनं मुलखात पेरून ठेवायची. बाकी त्याचं तो बघेल. अमेरिकेतल्या मिनेसोटात तीन शिक्षकांनी १९७१ मध्ये केलेला ‘ओरेगॉन ट्रेल’ हा या घराण्यातला एक मूळपुरुष. ‘माइनक्राफ्ट’ २००९ मध्ये लोकांसमोर आला आणि त्यानंतर या प्रकाराला पूर आला. यातल्या लढाईबद्दल, हत्यारांबद्दल खूप बोललं जातं. साधनांची ठिकाणं कशी आखायची आणि त्यांना नावं काय द्यायची, हे काम मात्र दुय्यम समजलं जातं. खेळ आवडता होतो की आठवड्यात कंटाळवाणा, हे बहुतेक वेळा याच कामावर ठरतं.

‘माइनक्राफ्ट’चंच पाहा. ३० नोव्हेंबर २०२१ ला त्याची १.१८ ही आवृत्ती आली आणि कर्त्यांनी जमिनीखालच्या खनिजांची सगळी मांडणी बदलली. जगाचा तळ शून्यावरून उणे ६४ पर्यंत खाली गेला, माथा ३२० पर्यंत वर चढला. हिरे जितकं खोल जावं तितके वाढत जाऊ लागले. लोखंडाचा एक साठा मध्यम खोलीवर राहिला आणि दुसरा उंच डोंगरात गेला. कोळसाही वरच्या बाजूला मुबलक झाला. आधी एकच खोली गाठून सरळ बोगदा मारत सुटलं की सगळं मिळायचं. आता कशासाठी कुठे जायचं, हे ठरवावं लागतं. लोखंडासाठी डोंगर चढावा लागतो, हिऱ्यासाठी तळ गाठावा लागतो. एकही नवं खनिज न घालता, फक्त उंची-खोलीचा वाटा बदलून त्यांनी खेळाडूंना प्रवासाला लावलं.

खानदेशचा नकाशा असाच उंचीच्या वाट्यांनी बनलेला आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. सातपुड्यावरून उतरणाऱ्या नद्या-नाले डोंगराच्या पायथ्याशी आले की एक मजेदार गोष्ट होते. तिथे दगडगोट्यांचा, रेतीचा जाड पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात डोंगरातून दणदणत आलेलं पाणी या पट्ट्यात शिरतं आणि वाहता वाहता दिसेनासं होतं. ते मुरून पुढे यावल, रावेर, चोपड्याच्या विहिरींना आणि कूपनलिकांना मिळतं. त्याच पाण्यावर केळी उभी आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी. उपसा वाढला तशी विहिरींची पातळी खोल गेली, म्हणून याच पट्ट्यात पावसाळ्याचं पाणी मुद्दाम मुरवण्याची तापी महाकाय पुनर्भरण योजना निघाली. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला.

नकाशा आखणाऱ्यानं या पट्ट्याकडे टक लावून बघावं. पाणी जिथे नाहीसं होतं ती जागा आणि जिथे मिळतं ती जागा वेगळी आहे, आणि दोघींचं नातं जमिनीखाली आहे. खेळात असं काही ठेवायचं तर खेळाडूला खूण द्यावी लागते. नुसतं लपवलं तर तो चिडतो, आणि वर निळा ठिपका लावला तर शोधायला काही उरत नाही. कोरड्या पात्रातले गोल गुळगुळीत गोटे, काठावर अवेळी हिरवं राहिलेलं झाड, एकाच रेषेत खोदलेल्या विहिरी, एवढ्या खुणा शहाण्या खेळाडूला पुरतात.

रावेरच्या पलीकडे, राज्याची सीमा ओलांडली की लगेच बुऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांच्या काळात ती खानदेशची राजधानी. तिथला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा. अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवून, त्यावर ठरावीक अंतरानं शंभराच्या वर कुंड्या खोदून शहरापर्यंत नेलं. वरून चालणाऱ्याला फक्त जमिनीतून डोकावणारी विहिरींची तोंडं दिसतात, एकामागून एक, ओळीनं. पहिलं तोंड पाहून काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्यापाशी माणूस थांबतो आणि मागे वळून ओळ बघतो. कुठल्याही खेळाच्या कर्त्यानं हेवा करावा अशी ही खूण आहे, आणि ती एका इराणी माणसानं खानदेशच्या राजधानीसाठी चारशे वर्षांपूर्वी करून ठेवली.

साधनाच्या ठिकाणाचा विचार मराठी मुलखानं लिहूनही ठेवला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखलं जाणारं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. किल्ला कुठे बांधावा हे सांगताना त्यात आधी पाणी पाहायला सांगितलं आहे. जागा मोक्याची आहे आणि पाणी नाही, तर खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्याच्या भरवशावर राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झरा आटतो. म्हणून राखीव पाण्याची दोन-चार टाकी असावीत आणि त्यातलं पाणी एरवी खर्चू नये. धुळ्याजवळच्या लळिंगवर चढलं की खडकात कोरलेली अशी टाकी आजही भेटतात. साधन जवळ असणं पुरेसं नसतं, ते कोणत्या प्रसंगी दगा देईल हेही आखणाऱ्यानं आधी ठरवायचं असतं, हे अमात्यांना पुरतं ठाऊक होतं. पडद्यावरच्या बहुतेक खेळांत पाणी हे पाणीच असतं : तळं दिसलं, प्यायलं, पुढे चाललं. वेढा पडल्यावर आटणारा झरा अजून फारसा कोणी केलेला नाही.

आता मोहाचं झाड. सातपुड्यातल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलात पहाटे काय चालतं ते नीट बघण्यासारखं आहे. मोहाची फुलं रात्री उशिरापासून गळू लागतात आणि सकाळी ऊन चढेपर्यंत गळत राहतात. फिकट पिवळसर, मांसल, बोटानं दाबली तर रस सुटणारी. वेचायला जाणारे लोक त्याआधीच झाडाखालचा पाला झाडून, बऱ्याचदा जाळून जमीन स्वच्छ करून ठेवतात, म्हणजे पडलेलं फूल नजरेला येतं. (पाल्याची ही आग पसरली तर जंगलाला लागते, म्हणून वनखात्याचा तिच्यावर राग असतो, तो अनाठायी नाही.) टोपल्या घेऊन घरातले लहानथोर अंधारातच निघतात. उशीर झाला तर गुरं येतात, हरणं येतात. अस्वलालाही मोह आवडतो, आणि त्याची वेळही हीच. वेचलेली फुलं अंगणात वाळत घालायची, वाळून ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. दोन-अडीच महिन्यांनी त्याच झाडाच्या बिया मिळतात, त्यांचं तेल निघतं. सरकारी कागदावर झाड कोणाचंही असो, कोणत्या घरानं कोणत्या मोहाखाली वेचायचं हे पाड्यात ठरलेलं असतं.

एवढ्या एका झाडात नकाशाकाराला लागणारं जवळपास सगळं आहे. ठिकाण आहे. हंगाम आहे, आणि हंगामातही दिवसाचा ठरावीक प्रहर आहे. आधी करून ठेवायची तयारी आहे, कारण जमीन साफ नसेल तर फुलं पाल्यात हरवतात. प्रतिस्पर्धी आहे आणि तो धोकादायक आहे. टिकवण्याची प्रक्रिया आहे. एकाच जागी वेगळ्या महिन्यात वेगळी वस्तू मिळते. हक्क आहे. खेळांत मात्र झुडपाजवळ जा, कळ दाबा, पाच फळं पिशवीत, असा प्रकार. कॅनडातल्या ‘क्ले’ स्टुडिओनं २०१३ मध्ये आणलेला ‘डोन्ट स्टार्व्ह’ त्यातल्या त्यात शहाणा म्हणायचा. त्यात हिवाळा आला की फळांची झुडपं पुन्हा धरत नाहीत, आणि उपटून घराजवळ आणून लावलेलं गवत काही कापण्यांनंतर खत मागतं. घराजवळ लावल्याची किंमत तिथे मोजावी लागते. म्हणून त्या खेळात लोक शरदातच हिवाळ्याची चिंता करू लागतात, आणि ती चिंता हाच त्याचा आनंद आहे.

हक्काचा मुद्दा त्याहून नाजूक. साक्री तालुक्यात पांझरा, कान या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या. गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे, ते फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. शेतकऱ्याची जमीन सहसा वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणजे उसाच्या फडातही त्याचा वाटा आणि कोरड्या राहणाऱ्या फडातही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. दोघांनाही गावानंच नेमायचं. पाऊस कमी झाला तर यंदा कोणत्या फडाला पाणी मिळणार नाही, हे गाव बसून ठरवणार. पाण्याशेजारी जमीन असलेला एकटा गब्बर होऊ नये आणि शेवटी असलेल्याचं वाटोळं होऊ नये, याची सोय त्या तुकड्यांच्या आखणीतच करून ठेवलेली.

खेळांत हे जवळजवळ कुठेच दिसत नाही. ‘रस्ट’ हा ब्रिटिश खेळ घ्या. २०१३ मध्ये तो अर्धवट अवस्थेत आला आणि २०१८ मध्ये पुरा झाला. त्यात दगड, धातू, गंधक यांचे खडक मोकळ्या मैदानात उगवतात, फोडले की काही वेळानं पुन्हा उगवतात. गंधक हवंच, कारण त्याशिवाय स्फोटकं नाहीत, आणि स्फोटकांशिवाय शेजाऱ्याचं घर फुटत नाही. गंधकाच्या खडकापाशी दोघं समोरासमोर आले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. हा खेळ निर्दयीपणासाठीच प्रसिद्ध आहे आणि ज्यांना तो हवा त्यांना मिळावा. पण एकाच सर्व्हरवर दीडदोनशे माणसं खेळत असताना पाटकऱ्याचं काम कोणी कोणाला देऊच शकत नाही, ही रचनेतली उणीव आहे. ‘माणसांचा स्वभावच असा’ म्हणून ती झटकता येत नाही. साक्रीतली माणसं काही देवदूत नव्हती. त्यांचीही भांडणं होत, आणि म्हणूनच त्यांना जागल्या लागत होता.

नावांकडे येऊ. इथे एक गोष्ट आधीच कबूल केलेली बरी : नावाचा अर्थ कळलाच पाहिजे असं मुळीच नाही. ‘पबजी’ २०१७ मध्ये आला. त्याच्या आठ किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद ‘एरांगेल’ बेटावर मधोमध पोचिंकी नावाचं गाव आहे. रशियात त्या नावाचं खरंखुरं गाव आहे, हे जळगाव-धुळ्यातल्या पोरांना माहीत असण्याचं कारण नाही. तरी ‘पोचिंकीत उतरू नको, मरशील’ हे वाक्य इथल्या पारावर, कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू आलं. तिथे लूट भरपूर आणि म्हणून गर्दी भरपूर, एवढा अर्थ त्या परक्या शब्दाला वापरानं चिकटला. नोवोरेप्नॉय म्हणताना जीभ अडखळली, पण ‘मिलिटरी बेस’ आणि ‘स्कूल’ मात्र कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत.

उलट जिथे कर्त्यांनी नावं दिलीच नाहीत तिथे लोकांनी काय केलं, हे पाहणं उद्बोधक आहे. ‘रस्ट’चा नकाशा दर वेळी नव्यानं आपोआप तयार होतो, त्यामुळे लोक चौकटीचा क्रमांक सांगतात : अमुक अक्षर, अमुक आकडा. काम भागतं, आठवण राहत नाही. ‘सबनॉटिका’ २०१८ मध्ये पूर्ण झाला. तो परग्रहावरच्या समुद्रात घडतो. त्यात मुद्दामच नकाशा दिलेला नाही. खेळाडू स्वतः तरंगता दिवा बनवतो, हव्या त्या जागी सोडतो आणि त्यावर हवं ते नाव लिहितो. समुद्राचा तळ कर्त्यांनी हातानं घडवलेला, सगळ्यांना एकच. नावं मात्र ज्याची त्याची. कोणी ‘तांबं इथे’ लिहितो, कोणी ‘परत येऊ नको’. जगाच्या बाजारात विकल्या गेलेल्या खेळांमध्ये नामकरणाचा हक्क इतक्या सरळपणे खेळाडूच्या हाती दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल.

आणि मग स्टुडिओंनी ठिकाणांना दिलेली नावं. मृत्युदरी, रक्तशिखर, शापित अरण्य, विस्मृत खिंड. भाषा कुठलीही असो, नग हेच. जाहिरातीच्या चित्राखाली ती शोभतात. पण मृत्युदरीत रोज सकाळी लाकूड तोडायला जाणारा माणूस आठवड्याभरात तिला ‘खालचं रान’ म्हणू लागेल, आणि त्याचंच बरोबर असेल.

भुसावळात रेल्वेच्या वस्त्यांची नावं ऐकावीत : आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ, पंधरा बंगला. इंजिनाच्या भट्टीत कोळसा सारणारा तो आगवाला. वाफेची इंजिनं गेली, आगवाल्याचं काम गेलं, चाळीचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. ही नावं कोणा समितीनं ठरवली नाहीत. ‘कुठे राहतोस’ या प्रश्नाला लवकरात लवकर, चुकामूक न होता उत्तर देण्याच्या गरजेतून ती आली. सातपुड्यात यावल तालुक्यात आंबापाणी आहे, चोपड्याकडे चिंचपाणी आहे. झाड आणि पाणी, दोन साधनं एका नावात. वाटसरूला आणखी काय हवं? यावल अभयारण्यातल्या एका पाड्याचं नाव लंगडा आंबा. सावली कुठे, पाणी कुठे हे ते नाव सांगत नाही. पण एकदा ऐकलं की विसरत नाही, आणि तिथवर पोचलेला माणूस आंब्याकडे बघितल्याशिवाय राहत नाही. अडावदजवळ गरम पाण्याचा झरा असलेलं उनपदेव आहे. बुऱ्हाणपूरच्या त्या कुंडी भंडाऱ्याला लोक खुनी भंडाराही म्हणतात. स्टुडिओला सुचलं असतं तर भडक वाटलं असतं, लोकांनी ठेवलं म्हणून चालून गेलं.

पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा खेळ आणला. तो गोळीबाराचा खेळ आहे, जगण्याचा नाही. पण त्यातही एक साधन केंद्रस्थानी आहे आणि ते हाती आलं की सामना जिंकता येतो. बेटाचं नाव वीरलोक, साधनाचं नाव कॉस्मियम. वीरलोक कानाला आपलं वाटतं. कॉस्मियम मात्र लॉस एंजेलिस, सोल किंवा शांघाय, कुठेही सुचलं असतं. भारतीय भविष्यकाळ रंगवण्याचा एवढा खटाटोप केल्यावर ज्या वस्तूसाठी सगळे धावतात तिचंच नाव असं बिनगावाचं का ठेवावं, हे कोडं आहे.

साधनांच्या ठिकाणांची यादी करणं हे काही केवळ खेळणाऱ्यांचं काम राहिलेलं नाही. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम वाचले तर तेराव्या नियमात सामूहिक हक्काचे पुरावे म्हणून काय काय चालेल याची जंत्री आहे : गुरं चारण्याच्या पारंपरिक जागा, कंदमुळं, चारा, रानफळं आणि गौण वनोपज गोळा करण्याच्या जागा, मासेमारीच्या जागा, सिंचनाच्या व्यवस्था, माणसांचे आणि गुरांचे पाणवठे, वैदूंच्या औषधी वनस्पतींच्या जागा. खेळ आखणाऱ्याच्या वहीचं पहिलं पान याहून फार वेगळं नसतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. यावल अभयारण्यातल्या पाड्यांनीही या कायद्याखाली दावे केले. अशा दाव्यासाठी ग्रामसभेला जंगलात चालत जाऊन हद्द आणि ठिकाणं कागदावर आणावी लागतात. इथून नाला, इथे दगड, इथे मोहाचा घोळका. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चाललेली नावं पहिल्यांदा सरकारी कागदावर उतरतात, आणि तिथे लिपीचा, उच्चाराचा घोळ सुरू होतो. पावरी किंवा भिली बोलीतलं नाव लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानाला जसं पोचेल तसं ते कायमचं होतं.

नावात दुखावणारंही असतं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. ती नावंही वापरातूनच आली होती. तेव्हा ‘लोकांच्या तोंडचं ते चांगलं’ हा नियम आंधळेपणानं लावता येत नाही; कोणाच्या तोंडचं आणि कोणाबद्दल, हे विचारावंच लागतं. खेळात एखाद्या जमातीचं देवस्थान लुटीची जागा म्हणून टाकणाऱ्यानंही हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. तो अजून फारसा विचारला जात नाही.

खानदेशावर असा एखादा खेळ कोणी करायला घेतला तर कच्चा नकाशा साधारण असा होईल. उत्तरेला डोंगर : मोह, चारोळी, डिंक, टेंभुर्णीची पानं, सगळं हंगामी, आणि पहाटे अस्वल. त्याखाली गोट्यांचा पट्टा. पावसाळ्यात तिथे नदी वाहताना दिसेल, हिवाळ्यात रेती. पट्ट्याच्या दक्षिणेला विहिरी. सगळ्यांनी मिळून उपसल्या तर एकेकीचं पाणी खाली जाईल आणि त्याचा परिणाम शेजारच्या खेळाडूच्या विहिरीत दिसेल. मध्ये तापी, वर चांगदेवला मिळणारी पूर्णा आणि तिनं आणलेला गाळ, त्यामुळे हतनूरमध्ये दर वर्षी थोडं कमी पाणी मावेल. पश्चिमेला साक्रीच्या बाजूला फड. तिथे एकट्यानं पाट फोडता येणार नाही, आधी पाटकरी नेमावा लागेल. उन्हाळा हा या नकाशाचा खरा खलनायक असेल. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी बारा ते चार घराबाहेर पडणाऱ्या खेळाडूचा जीव झपाट्यानं कमी होत जावा, यात कुणालाही अतिशयोक्ती वाटणार नाही.

आणि या नकाशात दीपनगर कुठे? पहिला मोह वीजकेंद्राला शेवटचा भव्य किल्ला करण्याचा होईल : उंच चिमण्या, आत राक्षस. त्यापेक्षा वेल्हाळ्याचा राख तलाव हे साधनाचं ठिकाण केलं तर नकाशाला वेगळंच वळण मिळेल. राखेच्या विटा होतात, राख सिमेंटमध्ये जाते, रस्त्यांच्या भरावात जाते. केंद्र सरकारनं १९९९ पासून अधिसूचना काढून वीजकेंद्रांवर राख वापरात आणण्याचं बंधन टाकत नेलं आहे. म्हणजे एका खेळाडूनं टाकून दिलेलं दुसऱ्याच्या घराची भिंत होतं. ठिकाण ओळखायला खूण सोपी आहे, वारा सुटला की राखाडी धूळ उठते. किंमतही उघड आहे : ती धूळ छातीत जाते आणि शेजारच्या शेतातल्या पिकावर बसते. फुकट मिळणारी राख भरून नेणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही, झळ लागेल ती तलावाशेजारी घर बांधणाऱ्याला; तेव्हा त्या दोघांना एकमेकांशी बोलायला भाग पाडणारा नियम आखणाऱ्यालाच लिहावा लागेल. राहिलं नाव. ते स्टुडिओनं कोरं ठेवावं, आणि पहिल्या महिन्यात फेकरी-वेल्हाळ्याकडची पोरं त्या जागेला काय म्हणतात ते ऐकून मग नकाशावर छापावं.